अप्पांच्या कमरेचं लॉक

आमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर अप्पांच्या कमरेला असायचं. कडदोऱ्याला बांधलेली खणाची पिशवी, पिशवीत आगपेटीएवढा करड्या प्लास्टिकचा तुकडा. तो तुकडा ज्या गावी, त्या गावचा कॉम्प्युटर त्या दिवशी शहाणा. बाकी पाच गावांत पोरं नुसतं इंग्रजी टायपिंग बडवत बसायची.

त्या तुकड्याला आम्ही लॉक म्हणायचो. कॉम्प्युटरच्या पाठीत, प्रिंटरची वायर लागते तिथं ते खोचायचं, मग मराठी अक्षरांचं नि चित्रांचं सॉफ्टवेअर उघडायचं. नाही खोचलं तर पडद्यावर इंग्रजीत सभ्य नकार यायचा. कंपनीनं लिहून दिलं होतं की सॉफ्टवेअर कितीही मशीनवर टाका, लॉक असेल तिथंच ते चालेल. सहा सेंटरांना खरं तर सहा लॉक हवी होती. पण एकाची किंमत ऐकूनच आमच्या सचिवांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला, असं सांगतात. "एकच घ्या," ते म्हणाले. "पुढचं अप्पा बघतील."

अप्पा मुळात संस्थेचे भांडारपाल. संस्थेच्या शाळांना खडू, डस्टर, हजेरीपुस्तकं वाटता वाटता त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. कॉम्प्युटर आले ते खोक्यांतून, आणि खोक्यातून येईल ते भांडारपालाचं, असा आमच्याकडे रिवाज. त्यामुळे पन्नाशी उलटलेला, पांढरं धोतर नेसणारा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढणारा हा माणूस एका सकाळी संस्थेचा कॉम्प्युटर विभागप्रमुख झाला. गळ्यात चांदीच्या डबीत देव, कमरेला खणाच्या पिशवीत लॉक. दोहोंची गल्लत त्यांनी कधी केली नाही. आंघोळीला जाताना देव अंगावरच राहायचा. लॉक कोनाड्यात जायचं, आणि अप्पा बाहेर येईपर्यंत घरातल्या एकाला कोनाड्यासमोर उभं राहावं लागायचं.

सहा गावं आणि एक लॉक. दुसऱ्या कुणी डोकं धरलं असतं. अप्पांनी सहाही गावांचे बाजारवार कागदावर मांडले, ते सहा वेगवेगळ्या वारी निघाले, आणि प्रश्न मिटला. ज्या गावचा बाजार, त्या दिवशी लॉक त्या गावी. सातव्या दिवशी लॉकला सुट्टी. लोकांनाही हे फार सोयीचं पडलं. बाजाराला यायचं, शेळी विकायची, बियाणं घ्यायचं, लग्नपत्रिकेचा मजकूर द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं छापील नमुना घेऊन घरी जायचं. उमापूरला तर बाजाराच्या दिवसाला माणसं "लॉकचा दिवस" म्हणायला लागली होती.

मी वडवणीच्या सेंटरवर शिकवायला होते. तेव्हा गावोगाव एस.टी.डी.चे पिवळे बूथ उगवत होते, घरांवर टीव्हीच्या छत्र्या चढत होत्या, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीकडे बघायला लोक दुकानातून बाहेर येत होते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून आवडायचं ते चित्र काढणं. माऊस हातात आला की माझं भान जायचं. आणि हे सुख आठवड्यातून एकदा, तेही पत्रिकावाल्यांची रांग दाराबाहेर उभी असताना!

सॉफ्टवेअर टाकणं हा अप्पांच्या लेखी सोहळा होता. चौदा फ्लॉप्या. त्या ते पानाच्या पितळी डब्यात ठेवायचे, तीन खणांत, मधे धुवट कापड घालून. "लोहचुंबक लोखंडाला धरतं. पितळाला ते भीक घालत न्हाई," असं त्यांचं शास्त्र होतं. हे शास्त्र साफ चुकीचं आहे हे मला पुढे कळलं, पण अप्पांची एकही फ्लॉपी कधी बिघडली नाही हेही खरं. डबा मांडीवर घेऊन ते एस.टी.त मधल्या बाकावर बसायचे, कारण पुढे इंजिनाचा थरकाप आणि मागे रस्त्याचा. सेंटरवर आले की चपला बाहेर, पाय धुवायचे, आणि पहिली फ्लॉपी आत. पहिलीपासून चौदावीपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही. उमापूरला सातव्या फ्लॉपीला लाईट गेली. अप्पांनी पुन्हा पहिलीपासून सुरू केलं. पुन्हा नवव्याला गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी वायरमनला घरून बोलावून आणलं, चहा पाजला आणि डीपीपाशी बसवून ठेवलं. "चौदा होईस्तोवर हितनं उठायचं न्हाई," असं त्याला बजावलं. तो बिचारा बसला.

सहाही मशीनं तंतोतंत एकसारखी असली पाहिजेत, हे त्यांचं दुसरं वेड. पडद्यावरच्या चित्रांच्या जागा ठरलेल्या, मागचा रंग ठरलेला, माऊस उजव्या हाताला, आवरणाला पिवळी पट्टी. पडद्यावर नाचणारी चित्रं यायची सोय असते, ती त्यांनी सगळीकडे काढून टाकली होती. "पडद्यानं उगी चाळे कावून करायचे?" यात एक अक्कलही होती, ती मला उशिरा दिसली. कुठं काही अडलं की संध्याकाळी आम्ही एस.टी.डी. बूथवरून बीडला, संस्थेच्या कचेरीत, फोन करायचो आणि अप्पा समोर मशीन नसताना, डोळे मिटून सांगायचे, "वरून तिसरं, डाव्या अंगाचं दुसरं. दाबलं? आता थांबा, मनात दहा मोजा." आणि ते बरोबर निघायचं. एकदा नांदूरघाटच्या मास्तरांनी पडद्यावर ठरलेल्या रंगाच्या जागी सिनेमातल्या बाईचा फोटो लावला. अप्पांनी फोनवर सांगितलेलं तिसरं चित्र त्या बाईच्या केसांत कुठंतरी हरवलं. दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः गेले, बाई काढली, रंग परत घातला, आणि मास्तरांना एवढंच म्हणाले, "घरात काय लावायचं ते लावा. ही संस्था हाय."

लॉकशिवाय चालणारं सॉफ्टवेअरही तेव्हा मिळायचं. औरंगाबादेहून एक ओळखीचा गृहस्थ ते घेऊन आला होता. सचिव हरखले. अप्पांनी ती फ्लॉपी दोन बोटांनी उचलून त्याच्याच खिशात परत घातली. अप्पांच्या घरचं पिढ्यान् पिढ्यांचं किराणा दुकान. "आमच्या आज्यानं दुकानात एकच पासरी ठिवली," ते म्हणाले. "घ्यायला बी तीच, द्यायला बी तीच. मापात पाप न्हाई चालायचं. लोड करायचं आसंल तर दुसरा माणूस बघा." दुसरा माणूस कुठला मिळणार? विषय तिथंच मिटला.

आता माझं पाप सांगते.

एका बाजाराच्या दिवशी परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि अप्पांनी घाईत मशीन चालू असतानाच लॉक उपसलं, कमरेला बांधलं आणि पळाले. पडद्यावर सॉफ्टवेअर उघडंच होतं. मी भीत भीत एक रेघ ओढली. उठली! म्हणजे हे बेटं लॉक फक्त उघडताना मागायचं. एकदा आत गेलं की दारावर कोण आहे, कोण नाही, याची त्याला फिकीर नव्हती. मी दार लावून घेतलं आणि एकटीच हसत सुटले.

त्यानंतर माझं मशीन बंद व्हायचं बंद झालं. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत ते अखंड चालू. पडद्यावर टॉवेल टाकायचा, आवरण घालायचं आणि घरी जायचं. लाईट जायची त्याचं काय? समोर लाऊडस्पीकरवाल्या चाचांचं दुकान होतं. त्यांनी यूपीएसच्या तारा बाहेर काढून ट्रकच्या बॅटरीला जोडून दिल्या. "बाई, फिकर नको करू. परसों बारात हाय, तब तक बॅटरी तेरी," असं त्यांचं चालायचं. वरात असली की दुसरी बॅटरी आणून जोडायचे. का, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. वडवणीच्या पत्रिका आता बिनबाजाराच्या दिवशीही निघू लागल्या, आणि उरलेल्या वेळात मी माझं चित्र काढू लागले.

चित्र कशासाठी, ते सांगायला हवं. औरंगाबादच्या एका मोठ्या छापखान्याला चित्रं काढणारं माणूस हवं होतं. रोज कॉम्प्युटरवर चित्रं, दुसरं काही काम नाही! त्यांनी कळवलं होतं की ठरल्या तारखेला कॅलेंडरचं एक पान करून समक्ष आणा, विषय तुमचा. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी जेवताना ताटात बोटानं रेघा ओढायची. आई म्हणायची, "हिला काहीतरी झालंय." मी वडवणीचा बाजार काढायला घेतला होता. बांगड्यांची पाटी, कांद्याचे ढीग, शेळ्या, मधोमध उभी एस.टी. अर्धं पान झालं होतं.

अप्पांनी मला पकडलं ते उमापूरच्या एका लग्नात. मुलगा वडवणीचा, त्यामुळे पत्रिका आमच्याकडची. पाकळ्यांचा काठ बघून अप्पांनी तो ओळखला, कारण तो काठ आमच्याच सॉफ्टवेअरात होता. मग त्यांनी नवरीच्या मामाला गाठून विचारलं, लग्न ठरलं कधी, पत्रिका हातात आली कधी? मामाला वाटलं, जवळचा पाहुणा दिसतोय. त्यानं कौतुकानं सगळं सांगितलं. लग्न ठरलं वडवणीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, पत्रिका आली चौथ्या दिवशी. अप्पांनी बोटं मोजली, पत्रिका खिशात घातली आणि पंगतीतून तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी लॉकला सुट्टी होती, तरी ते माझ्या दारात उभे. बाजार नसताना अप्पा वडवणीत, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. चपला काढल्या, पाय धुतले, आत आले. आवरण उचललं, टॉवेल उचलला. माझा अर्धा बाजार पडद्यावर लखलखत होता.

"हे मशीन चालू कावून हाय?"

मी सगळं सांगितलं. लॉक कसं निघालं ते, चाचांची बॅटरी, पत्रिका, छापखान्याचं पत्र, तारीख. बोलता बोलता मला राग आला, आणि चूक माझी असताना राग आला की मी फार बोलते. "सात दिवसांतला एक दिवस मिळतो, अप्पा, तोही लोकांच्या बाशिंगात जातो. सॉफ्टवेअर आपलंच आहे, लॉक आपलंच आहे. मी काय कुणाचं चोरलं?"

अप्पांनी टॉवेलाची नीट घडी घातली. मला वाटलं, आता नोकरी गेली. मग ते म्हणाले, "ह्ये चोरीत धरायचं का न्हाई, मला बी उमजंना. लॉक तर आपुन मोडलं न्हाई. ज्यांचं हाय त्यास्नी इचारू. अंतर्देशीय हाय का?"

आणि त्यांनी मला पत्र सांगितलं. माझ्याच गुन्ह्याचं पत्र, माझ्याच अक्षरात. "आपले एक लॉक आमचेकडे आहे. आमच्या वडवणीच्या बाईंनी असे शोधून काढले आहे की मशीन चालू ठेवल्यास लॉक काढूनही काम होते. हे चोरीत मोडते काय ते कळवावे. मोडत असल्यास बंद करू. बाई हुशार आहेत, त्यांचेवर राग नसावा." शेवटचं वाक्य मी घालणार नव्हते. त्यांनी घालायला लावलं.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर जैसे थे. बंद केलं तर आपुन चोर हाव आसं कबूल केल्यावानी व्हतंय. वापरलं तर आपुन साव हाव आसं आपुनच ठरवल्यावानी व्हतंय. चालू ऱ्हाईल, पर लॉक नसताना हात लावायचा न्हाई."

तर आता असा प्रकार सुरू झाला की ज्या मशीनला कुणी शिवायचं नाही, ते जिवंत ठेवायला मी, अप्पा आणि लाऊडस्पीकरवाले चाचा जिवाचं रान करत होतो. अप्पा रोज बूथवर फोन करून विचारायचे, "हाय का?" मी म्हणायची, "आहे." फोन बंद. माझं अर्धं चित्र टॉवेलखाली, तारीख जवळ येत चाललेली, आणि मी त्या टॉवेलकडे बघत फळ्यावर कीबोर्ड काढून पोरांना इंग्रजी टायपिंग शिकवत होते. बाजाराच्या दिवशी लॉक आलं, पण लग्नसराई ऐन भरात होती. संध्याकाळपर्यंत माझी पाळी काही आली नाही. टॉवेल टाकण्याआधी मी चित्र पुन्हा पडद्यावर घेतलं आणि अप्पांच्या देखत रडले. लाज वाटली, पण रडले. अप्पांनी लॉक उपसलं, पिशवीत घातलं आणि गाडी पकडली.

तारखेच्या आदल्या दिवशी नांदूरघाटचा बाजार होता. त्या सकाळी पहिल्या गाडीनं अप्पा वडवणीला उतरले.

"अप्पा, आज तर नांदूरघाट..."

त्यांनी कडदोऱ्याची गाठ सोडली. मी ती पिशवी त्यांच्या कमरेवेगळी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी स्वतः लॉक मशीनमागे खोचलं आणि रिकामी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"आजचा दिस तुमचा. कायदेशीर हाय, कुनाच्या बापाचं भ्या न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं यितो."

"आणि तिथली माणसं?"

"तिथं मी जातो की."

"लॉक इथं, तुम्ही तिथं जाऊन काय करणार?"

"सांगनार. मानसं पत्रिका घिऊन आल्यावर कुनीतरी सांगाया नको का, की माप आज माझ्या हातनं कमी पडलं?" आणि पितळी डबा काखोटीला मारून ते निघालेसुद्धा.

त्या दिवशी मी जेवले नाही, उठले नाही. शेळ्या झाल्या, कांदे झाले, एस.टी.चा लाल रंग भरला. आणि अगदी शेवटी, तिच्या दाराच्या पायरीवरून उतरणारा, पांढऱ्या धोतरातला, काखेत डबा धरलेला एक माणूस काढला. ते चित्राच्या आराखड्यात नव्हतं.

संध्याकाळी अप्पा आले ते दमलेले. मी विचारलं, "काय म्हणाले नांदूरघाटचे?"

"म्हनले की! लई येळ म्हनले." मग ते वाकून चित्र न्याहाळू लागले. एस.टी.शी आले आणि थांबले. "डबा लई भडक पिवळा केलाव," ते म्हणाले. "पितळाला जरा काळपट मारा." मी मारला. त्यांनी लॉक उपसलं, गाठ बांधली. मी मशीन बंद करायला हात नेला तसे ते म्हणाले, "थांबा. जबाब आलेला न्हाई. जैसे थे."

नोकरी मला मिळाली. अप्पांनी मला निरोपाला खडूचं एक कोरं खोकं दिलं. मी वडवणी सोडली, आणि माझ्या जागी कुणी मिळेना म्हणून सेंटरला कुलूप लागलं. औरंगाबादेत माझ्या टेबलावर स्वतःचं लॉक होतं, सातही दिवस. पहिल्या महिन्यात मी एवढी खूश होते की अप्पांची आठवणसुद्धा कमी यायची. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तसंच होतं.

दीडेक महिन्यानं कार्ड आलं. "जबाब आला. चोरीच निघाली. कंपनीने कळवल्याबद्दल आभार मानले आहेत आणि मशीन बंद करावे असे लिहिले आहे. ज्याने चालू ठेवले त्यानेच बंद करणे बरे. सवडीने यावे. तोवर चालू आहे."

रविवारी वडवणीचा बाजार. त्या सकाळी मी गाडीत बसले. स्टँडवरून चालत जाताना चाचा दुकानातून ओरडले, "बाई, तेरे मशीनने मेरी तीन बॅटरी खाई!" सेंटर उघडं होतं. बंद सेंटरवर अप्पा दर बाजाराला आले होते, लॉक खोचून दिवसभर बसले होते आणि परत गेले होते, कारण वाटणी सारखी. त्या दिवशीही ते खुर्चीवर बसले होते. आवरण काढलं, टॉवेल काढला. माझा बाजार तसाच उभा होता, दीड महिना एका जागी.

"दाबा," अप्पा म्हणाले.

मी बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली, पडदा काळा झाला. आणि तरी तिथं काहीतरी दिसत होतं. मी खिडकी उघडली. काळ्या काचेत, अगदी पुसट, एस.टी. उभी होती. शेळ्या होत्या. पायरीवरून डबा घेऊन माणूस उतरत होता. इतके दिवस एकच चित्र राहिल्यानं काच भाजली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा मशीनं तंतोतंत एक ठेवायला हा माणूस एका फोटोसाठी नांदूरघाटला धावला होता. "अप्पा, हे आता जायचं नाही. सचिवांना सांगून काच बदलून घ्या. मी भरून देते."

अप्पांनी काचेवर बोट फिरवलं, डब्यावर आणून थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पाच सारखी हायती, तेवडी बास. ह्ये बाईचं हाय, आसं कळू द्या लोकास्नी."

मग त्यांनी पिवळ्या पट्टीचं आवरण घेतलं, मशीनवर घातलं आणि चारी कोपरे ओढून सारखे केले.